पुराच्या वेळी टाकलेला बायोस पासवर्ड आता आठवत नाही – डेल लॅटिट्यूड ५४९०, सांगली

कृष्णाकाठ
१४ नोव्हेंबर २०२५

नमस्कार. मी सांगलीत करसल्लागार आहे. मारुती चौकाजवळ घर, घरातच ऑफिस. एकटीचं काम, मदतीला एक मुलगी अर्धा दिवस येते. अडचण लॅपटॉपची आहे. थोडं लांबलचक होईल, पण मागचं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

लॅपटॉप डेल लॅटिट्यूड ५४९०, जुलै २०१८ मध्ये इथल्याच एका दुकानातून नवा घेतला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह. रॅम नंतर १६ जीबी केली, एसएसडी टाकली. माझं सगळं काम त्याच्यावर चालतं आणि सात वर्षांत त्यानं मला कधी अडवलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ ला आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं, म्हणून गल्लीत सगळे म्हणत होते, यापेक्षा जास्त काय येणार. मला धीर धरवेना. होतील तेवढ्या फायली माळ्यावर टाकल्या. लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क आणि डिजिटल सहीची टोकनं एका पिशवीत भरून भाच्याबरोबर मिरजेला बहिणीकडे पाठवली. तिच्याकडे तेव्हा चार कुटुंबं येऊन राहिली होती, पोरंबाळं सगळी. लॅपटॉपमध्ये साठेक अशिलांचे पॅन, बँकेची स्टेटमेंटं, भागीदारीची करारपत्रं. विंडोजला पासवर्ड होता, तरी जीव राहवेना. पिशवीत टाकण्याआधी एफ-टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, गेले आणि तिथं अ‍ॅडमिन पासवर्ड टाकला. बाहेर भाचा हाका मारत होता, पाणी चौकात आलं होतं. कुठं लिहून ठेवायचं सुचलंच नाही.

त्यानंतर सहा वर्षांत मशीननं तो एकदाही मागितला नाही. बटण दाबलं की सरळ विंडोज. पासवर्ड टाकलाय हेही विसरून गेले होते.

आता विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपला. अशिलांची माहिती असलेलं मशीन सुरक्षा अपडेटशिवाय वापरणं मला पटत नाही. प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो, पण तपासणीत सिक्युअर बूटपाशी, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सुरक्षा तपासणीपाशी, अडतं. दुकानदारानं तेव्हा विंडोज लेगसी, म्हणजे मशीन सुरू करण्याच्या जुन्या, पद्धतीनं बसवलं होतं असं कळलं. ते बदलून नवी यूईएफआय पद्धत करायची तर बायोसमध्ये जायला हवं. एफ-टू दाबल्यावर सगळी सेटिंग दिसतात, हात मात्र लावता येत नाही. अनलॉक म्हटलं की पासवर्ड मागतं. तीन वेळा चुकलं की बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. घराचा नंबर, मुलाचं नाव, जुन्या स्कूटरचा नंबर, कुलदैवत, सगळं करून झालं. वहीत लिहून लिहून चाळीसेक प्रकार झाले.

मिरजेत एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं मागचं झाकण उघडून नाण्याएवढा सेल तासभर काढून ठेवला. पासवर्ड तसाच, तारीख मात्र मागं गेली. मला ते लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी ११ तारीख, जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राची, शेवटची. ब्राउझर एकही साइट सुरक्षित मानेना, डिजिटल सही चालेना. दुपारी दोनला मुलीनं कोपऱ्यातली तारीख दाखवली तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या एका दुकानात सरळ मदरबोर्ड बदला म्हणाले. चांगला चालणारा बोर्ड एका शब्दासाठी फेकायचा हे मनाला पटत नाही.

कंपनीकडे जावं म्हटलं तर ते खरेदीचं बिल मागणार. आणि बिल पुरात गेलं. त्या वर्षाची माझी स्वतःची फाइल खालच्या कपाटात राहिली होती. अशिलांच्या फायली आधी वर टाकल्या होत्या.

कुणी यातून गेलंय का? पासवर्ड मागणाऱ्या पडद्याचा फोटो सोबत जोडलाय.

सह्याद्रीवारा
१४ नोव्हेंबर २०२५

सेल तासभर नाही, रात्रभर काढून ठेवा. बॅटरीची वायरही काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. माझ्या जुन्या डेस्कटॉपचा असाच गेला होता.

जुना सिस्टीमवाला, कराड
१४ नोव्हेंबर २०२५

ताई, सगळ्यात आधी तो फोटो काढून टाका. मग पुढचं वाचा.

फोटोत सर्व्हिस टॅग दिसतोय. डेलचा टॅग म्हणजे सात अक्षरांची मशीनची ओळख, आणि त्याच्या पुढं जी चार अक्षरं दिसतात ती कुलपाची जात. हे दोन्ही उघड्यावर ठेवले तर दुसरं कुणी तुमच्या मशीनवर मालकी सांगायला मोकळं. वर उद्या सकाळपर्यंत तुम्हाला निरोप येतील, अमुक रुपये पाठवा, कोड देतो म्हणून. जुन्या पिढ्यांच्या मशीनचे असे कोड टॅगवरून काढता येत होते हे खरं. पण पैसे घेऊन नाहीसे होणारे त्याहून जास्त आहेत. तुमच्याकडे साठ घरांची कागदपत्रं आहेत, तुम्ही त्या वाटेला जाऊच नका.

आता सेलचं. सह्याद्रीवारा म्हणतात ते त्यांच्या डेस्कटॉपला लागू होतं. तिथं सेटिंग आणि पासवर्ड सेलवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत असायचे, सेल काढला की पुसले जायचे. शिवाय बोर्डवर पासवर्डसाठी वेगळा जंपर, म्हणजे काढता-घालता येणारी बारकी पिन-टोपी, असतो, डेलच्या कित्येक डेस्कटॉपवर आजही असतो. लॅपटॉपमध्ये तसं नाही. चोरीला जाणारी वस्तू ती, म्हणून पासवर्ड अशा चिपमध्ये ठेवतात जिला वीज लागतच नाही. सेल वर्षभर काढून ठेवलात तरी फक्त घड्याळ बिघडेल, आणि ते तुम्ही ११ तारखेला भोगलंच आहे.

तुमचा पासवर्ड सहा वर्षं का मागितला नाही तेही सांगतो, म्हणजे मनातली रुखरुख जाईल. तुम्ही टाकलात तो अ‍ॅडमिन पासवर्ड. तो फक्त सेटिंग बदलताना आडवा येतो. मशीन सुरू होताना अडवणारा पासवर्ड वेगळा, त्याला डेल सिस्टीम पासवर्ड म्हणतं. आणि तिसरा हार्ड डिस्कचा. तो डिस्कच्याच पोटात बसतो, मदरबोर्ड बदलला तरी डिस्कबरोबर जातो. घाईत त्यातला कुठलाही टाकला गेला असता तर मशीन चालूच झालं नसतं किंवा डिस्क हाताला लागली नसती. तुमचा डेटा आज तुमच्या हातात आहे. आजच बाहेरच्या डिस्कवर पूर्ण प्रत काढा.

पासवर्ड आठवायचे प्रयत्न चालू ठेवणार असाल तर एक बघा. बायोसला मराठी की-बोर्ड कळत नाही, तो नेहमी अमेरिकन मांडणीच धरतो. नम लॉक आणि कॅप्स लॉक त्या दिवशी कसे होते कोण जाणे, म्हणून तेच शब्द दोन्ही प्रकारे टाकून बघा.

पण खरा रस्ता कंपनीचाच. मशीन तुमचं आहे एवढं पटलं की ते सोडवणुकीचा कोड देतात. बिलाची दुसरी प्रत कुठं मिळते का बघा. दुकानदार अजून आहे ना?

चिपलेव्हल सातारा
१५ नोव्हेंबर २०२५

ताई, मी पोवई नाक्याला चिपलेव्हलचं काम करतो. कराडच्या सरांनी सांगितलं ते बरोबर आहे. माझ्याकडे आलात तर काय होईल ते उघडपणे सांगतो, मग तुम्ही ठरवा.

मदरबोर्डवर आठ पायांची एक बारकी फ्लॅश चिप असते. तिच्यात बायोस राहतो, तिथंच तुमच्या मशीनचा टॅग, नेटवर्कचा पत्ता, विंडोजची कंपनीनं घातलेली किल्लीसुद्धा. आम्ही चिमटा लावून किंवा चिप उचलून प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर तिच्यातलं सगळं वाचतो. एकदा नाही, दोनदा वाचतो, आणि दोन्ही प्रती अक्षर न अक्षर जुळल्या तरच पुढं. मूळ प्रत बाजूला जपून ठेवायची, मग पासवर्डचा भाग साफ करून परत लिहायचं. काही चिप ३.३ व्होल्टच्या, काही १.८ च्या. न बघता जास्त दाब दिला की चिप जळते. बरीच पोरं दुसऱ्याच मशीनची बायोसची फाइल नेटवरून उतरवून टाकतात. मशीन चालू होतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण टॅग आणि किल्ली दुसऱ्याची होऊन बसते. मग पुढं कंपनी दारात उभं करत नाही. तुमचा बोर्ड एकदा असा बिघडला की मलाही सरळ करणं जड जातं.

आणि बिल मीही मागतो. बिल नसेल तर मशीन परत देतो. लोकांना राग येतो. पण चोरीचा माल माहीत असताना घेतला, ठेवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे, पूर्वीचं ४११. आणि कायदा सोडा, एखाद्या कॉलेजच्या पोरीचा चोरलेला लॅपटॉप मी माझ्या हातानं उघडून दिला हे मला चालायचं नाही.

तुमचं मशीन एवढं नीट चालतंय तर माझ्याकडे शेवटी या. आधी बिल शोधा.

कृष्णाकाठ
१५ नोव्हेंबर २०२५

फोटो काढला. डेटाची प्रत रात्री काढून झाली, ३१० जीबी. नम लॉकचं करून बघितलं, नाही.

बिल शोधा म्हणालात तसं रात्री डोक्यात एक गोष्ट आली. मी स्वतः जीएसटीत नोंदणी केलेली आहे. लॅपटॉपवरच्या १८ टक्के कराचं क्रेडिट मी घेतलं होतं. म्हणजे दुकानदारानं त्याच्या विवरणपत्रात माझ्या नंबरावर ते बिल दाखवलेलं असणार. २०१८-१९ चं वार्षिक विवरणपत्र भरताना ताळमेळासाठी २-ए ची, म्हणजे विक्रेत्यांनी माझ्या नंबरावर दाखवलेल्या बिलांच्या यादीची, एक्सेल उतरवली होती, ती मेलमध्ये सापडली. त्यात दुकानदाराचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम, सगळं आहे. वस्तूचं नाव नाही, पण त्या महिन्यात त्या दुकानातून दुसरं काही घेतलेलं नाही.

आणि दुसरं. बिलं, हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची असा कायदा आहे. हे मी अशिलांना शंभर वेळा सांगते. २०१८-१९ ची देय तारीख वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२० झाली होती. म्हणजे दुकानदारानं त्या बिलाची प्रत डिसेंबर २०२६ पर्यंत ठेवायला हवी. दुकान त्या पुरानंतर विश्रामबागला गेलंय एवढं कळलं. सोमवारी जाते.

पेठेतला_पोरगा, सातारा
१५ नोव्हेंबर २०२५

मध्येच विचारतो, माफ करा. मी सेकंडहँड मॅकबुक घेतला, इंटेलवाला. ऑप्शन दाबून चालू केला की कुलपाचं चित्र येतं आणि पासवर्ड मागतो. तसा चालू होतो. त्याला काही उपाय? बिल नाही, ओळखीच्या ओळखीतून घेतलाय.

जुना सिस्टीमवाला, कराड
१६ नोव्हेंबर २०२५

तो फर्मवेअर पासवर्ड. इंटेलच्या मॅकवरच असतो. एम-वन आणि त्यापुढच्या मशीनला तो प्रकार नाही, तिथं मालकाच्या अ‍ॅपल खात्याशी बांधलेला अ‍ॅक्टिव्हेशन लॉक वेगळा. २०१० च्या आधीच्या मॅकला रॅम काढ-घाल करून तो जायचा, नंतर ती वाट बंद झाली. आता अ‍ॅपलच्या अधिकृत केंद्रात मूळ खरेदीची पावती दाखवावी लागते. ज्यानं विकला त्याला फोन कर. त्याला पासवर्ड माहीत असेल तर दोन मिनिटांचं काम आहे, नसेल तर त्याच्याकडून मूळ बिल माग. तो टाळाटाळ करायला लागला तर मशीन परत देऊन पैसे घे. हे मी कळकळीनं सांगतोय.

ताई, ७२ महिन्यांचं गणित मला सुचलं नसतं. आणखी एक राहिलं. दुकानदारानं तेव्हा मशीन स्वतःच्या नावानं घेऊन तुम्हाला विकलं असेल तर कंपनीच्या दप्तरी मालक म्हणून त्याचंच नाव असू शकतं. तसं असेल तर डेलच्या साइटवर मालकी बदलण्याचा अर्ज आहे, तो आधी भरा. आणि बिलावर सर्व्हिस टॅग छापलाय का बघा. टॅग नसेल तर ते बिल याच मशीनचं हे दाखवणं अवघड जातं.

कुलूप उघडल्यावर लगेच लेगसीचं यूईएफआय करू नका. केलंत तर विंडोज सुरूच होणार नाही, आणि सगळा दोष पासवर्डवर जाईल. आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर प्रकारावरून यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी प्रकारावर न्यावी लागते. मायक्रोसॉफ्टचं त्यासाठीचं साधन विंडोजमध्येच असतं, डेटा न पुसता करतं. पण त्याला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी, म्हणजे स्वतंत्र मुख्य, भाग चालतात, आणि लॉजिकल, म्हणजे एका मोठ्या भागाच्या पोटात पाडलेला, भाग असेल तर ते नकार देतं. आपल्याकडे दुकानदार सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह पाडून देतात. डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा, डी आणि ई च्या भोवती हिरवी चौकट असेल तर ते लॉजिकल आहेत.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, तीही बघून घ्या. लेगसीत बसवलेल्या विंडोजवर बहुधा चालू नसेल, पण असेल तर बायोसमध्ये काही बदलण्याआधी त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवा. एका कुलपातून सुटून दुसऱ्यात अडकलेली माणसं मी बघितली आहेत.

कृष्णाकाठ
१७ नोव्हेंबर २०२५

विश्रामबागला जाऊन आले. दुकानाचे जुने मालक आता बसत नाहीत, मुलगा बघतो. पहिल्यांदा म्हणाला, काकू, पुरात आमचंही सगळं गेलं, कागद एकही राहिला नाही. मी बिल नंबर आणि तारीख पुढं केली. तेव्हा त्यानं संगणकातला जुना हिशेब उघडला. त्याची प्रत त्यांच्या सीएंकडे होती म्हणून वाचली होती. नंबर टाकला आणि बिल पडद्यावर आलं. माझं नाव, माझा जीएसटी नंबर, लॅपटॉपचा वस्तू-कोड आठ-चार-सात-एक, आणि खालच्या ओळीत टॅग. सात अक्षरं एकेक करून मशीनच्या तळाशी ताडून बघितली. जुळली.

छापून, शिक्का मारून दिलं. पैसे घेतले नाहीत. वडिलांना फोन लावून दिला. त्यांना मी आठवत होते, लॅपटॉपच्या पिशवीसाठी मी घासाघीस केली होती तेही आठवत होतं.

तुमचा अंदाज बरोबर होता, कंपनीकडे दुकानाचंच नाव होतं. मालकी बदलण्याचा अर्ज तिथूनच भरला.

चिपलेव्हल सातारा
१७ नोव्हेंबर २०२५

ताई, झालं तुमचं काम. मला बोर्ड उघडावा लागणार नाही याचा आनंद आहे.

कृष्णाकाठ
२९ नोव्हेंबर २०२५

मालकी माझ्या नावावर झाली. मग बिल, ओळखपत्र, टॅग आणि ती चार अक्षरं पाठवली, फोनवर दोनदा माहिती पडताळून झाली, आणि परवा सोडवणुकीचा कोड आला. मुलीला शेजारी बसवून एकेक अक्षर वाचायला लावलं, मी टाकलं. उघडलं. सहा वर्षांनी त्या पानावर काहीतरी बदलता आलं.

कराडच्या सरांनी सांगितलं म्हणून लगेच काही बदललं नाही. डिस्क मॅनेजमेंट बघितलं, डी आणि ई भोवती हिरवी चौकट आहे. म्हणजे ते साधन माझ्या डिस्कवर चालणार नाही. बिटलॉकर बंद आहे.

३१ डिसेंबरला वार्षिक विवरणपत्रांची तारीख आहे. त्याआधी या मशीनला हात लावायची माझी तयारी नाही. तोपर्यंत विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं जोडावं लागलं, पैसे पडले नाहीत. जानेवारीत सगळ्या डेटाच्या दोन प्रती काढून, डिस्क कोरी करून यूईएफआयवर नवं विंडोज ११ बसवीन.

अ‍ॅडमिन पासवर्ड नवा टाकलाय. काढून टाकावा असं एकदा मनात आलं, पण साठ घरांचे कागद आहेत, असू दे. कागदावर दोन ठिकाणी लिहिला. एक मिरजेला बहिणीच्या कपाटात, बिलाच्या प्रतीबरोबर. दुसरा इथं घरात. भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून आहे, तिच्या दोन हात वर एक फळी ठोकून घेतली, त्यावरच्या डब्यात.

साताऱ्याच्या दादा, जानेवारीत डिस्क कोरी करताना अडले तर मशीन घेऊन तुमच्याकडे येईन. बिल बरोबर आणते.